येत्या वर्षाची भाजीबाग : जागेसोबत वेळेचाही नकाशा

परसदार
नव्या वर्षाच्या बागेचा कागद घेऊन बसले आहे. या सुमारास बरेच जण 'काय लावू?' असं विचारतात, म्हणून यंदा सगळ्यांनी एकत्रच बोलू या. आधी माझी पद्धत सांगते, मग तुम्ही भर घाला.

बहुतेक जण वाफ्यांचा नकाशा काढतात. इथे टोमॅटो, तिथे वांगी, कडेला पालेभाज्या. नकाशा हवाच, पण तो एका दिवसाचा असतो. वाफा वर्षभर तिथेच असतो आणि त्यात पिकं येत-जात राहतात. घरच्या बागेत भाजी कमी पडते, तेव्हा जागा अपुरी असतेच असं नाही. एक पीक निघालं आणि पुढच्याची तयारी नव्हती, म्हणून वाफा महिना-दीड महिना मोकळा राहतो. मग घाईघाईने सगळं एकाच दिवशी पेरलं की काढणीलाही सगळं एकदमच येतं. पंधरा दिवस खाऊन संपत नाही आणि पुढचे दोन महिने काहीच नाही.

माझा कागद असा असतो : डाव्या कडेला एकाखाली एक वाफ्यांची नावं आणि समोर बारा महिन्यांचे रकाने, प्रत्येक महिन्याचे दोन भाग. प्रत्येक पिकाची एक सुटी पट्टी कापायची, ते पीक वाफ्यात जितके दिवस राहणार तितकी लांब. पट्ट्या पुढेमागे सरकवता येतात, त्यामुळे खाडाखोड होत नाही.

पट्टीची लांबी ठरवायला ढोबळ दिवस : मुळा २५ ते ४०. मेथी साधारण महिना. पालक चाळीसेक दिवसांनी कापायला येतो आणि त्यानंतर काही वेळा फुटतो. भेंडी पेरल्यापासून ५०-५५ दिवसांनी सुरू होते आणि दोनेक महिने चालते. गाजर ७० ते ९०. टोमॅटोला रोप लावल्यापासून ६० ते ८० दिवसांनी पहिलं फळ. वांगी, मिरची त्याच्या आगेमागे, पण एकदा बसली की कित्येक महिने जागा सोडत नाहीत. पाकिटावर लिहिलेले दिवस पाहताना ते 'पेरणीपासून' आहेत की 'रोप लावल्यापासून' हे नीट वाचा. दोन्हींत महिन्या-दीड महिन्याचा फरक पडतो.

आणि इथेच सगळ्यात जास्त जागा वाचते. टोमॅटोचं रोप ट्रेमध्ये ५-६ आठवडे वाढत असताना वाफ्याला त्याची काही गरज नसते. टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकायचं, त्याच दिवशी त्याच्या ठरलेल्या वाफ्यात मेथी पेरायची. मेथी उपटून होते, रोप तयार होतं, मध्ये चार दिवस खत मिसळायला मिळतात. कागदावर ही पट्टी टोमॅटोच्या पट्टीला चिकटून बसते तेव्हा फार समाधान वाटतं.

पालेभाजीच्या लांब पट्ट्या मी काढतच नाही. सगळ्या वाफ्यात एकदम मेथी न पेरता वाफ्याचा एक हातभर तुकडा, मग १२-१५ दिवसांनी पुढचा तुकडा. असं चालू ठेवलं की दर आठवड्याला थोडी थोडी मिळते.

तुम्ही वेळ कसा बसवता? आणि फेरपालट, म्हणजे एका वाफ्यात दर वेळी वेगळ्या कुळाचं पीक घेणं?

शेवगा
वाचनखूण साठवली. सुट्या पट्ट्यांची कल्पना फार आवडली.

याच्याही आधीची एक पायरी सांगतो : ऊन. फळभाज्यांना दिवसाला ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या ३-४ तासांवरही बऱ्या येतात. पण हे तास वर्षभर तेच राहत नाहीत. सूर्य थंडीत खालून जातो, तेव्हा भिंतीची, कुंपणाची, शेजारच्या झाडाची सावली लांबते, आणि जिथे उन्हाळ्यात दिवसभर ऊन होतं तिथे दोन तासही मिळत नाही. म्हणून परसदार ताईंच्या कागदावर मी प्रत्येक वाफ्यापुढे महिन्यागणिक उन्हाचे तासही लिहितो. थंडीतल्या सावलीच्या वाफ्यात फळभाजीची पट्टी बसवायचीच नाही.

वेलांचा मांडव किंवा ताटी उत्तर गोलार्धात बागेच्या उत्तरेला, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला. नाहीतर वाटाण्याची वेल मागच्या वाफ्याचं ऊन खाते. कडक उन्हाच्या महिन्यांत मात्र हीच सावली कामी येते : तिच्या आडोशाला कोथिंबीर जास्त टिकते.

नवशिकी
खूप उपयोगी धागा. मी पहिल्यांदाच करणार आहे. ३ मीटर बाय ४ मीटर मोकळी जागा आहे, ऊन भरपूर. पण माती कशी आहे हे कळत नाही. पाणी घातलं की बराच वेळ साचून राहतं. आधी काय करू?

मातीमोल
@नवशिकी, आधी माती बघा, बी नंतर.

सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या. वितभर खोलीची माती, खडे-मुळं काढून, एक तृतीयांश भरा. वर पाणी आणि चिमूटभर साबणाची पूड टाकून झाकण लावा, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा आणि सपाट जागी ठेवून द्या. पहिल्या मिनिटभरात जे तळाशी बसतं ती वाळू. तिथे काचेवर खूण करा. पुढच्या एक-दोन तासांत तिच्यावर गाळाचा थर बसतो, दुसरी खूण. चिकणमाती मात्र पाणी निवळेपर्यंत, म्हणजे एक दिवस किंवा त्याहून जास्त, तरंगत राहते आणि सगळ्यात वर बसते. काडीकचरा पाण्यावर तरंगतो, तो सेंद्रिय भाग. वाळू आणि गाळ प्रत्येकी ४० टक्के, चिकणमाती २० टक्के अशी माती भाजीला उत्तम. चिकणमातीचा थर सगळ्यात जाड दिसला तर पाणी का साचतं याचं उत्तर तिथेच आहे.

पण घाबरू नका. चिकणमाती अन्नद्रव्यं छान धरून ठेवते, फक्त तिला हवा हवी. तिच्यात वाळू मिसळायच्या फंदात पडू नका. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट होते. उत्तर एकच, कंपोस्ट. आणि वाफा जमिनीपासून १५-२० सेंमी उंच करा.

तुमच्या ३ मीटरमध्ये १.२ मीटर रुंदीचे दोन वाफे आणि मध्ये ६० सेंमीची वाट अगदी बरोबर बसते. १.२ मीटर यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. ओल्या मातीवर पाय पडला की ती दबते, मग वर्षभराची मेहनत वाया. एका बाजूला भिंत असेल तर तिकडचा वाफा ६०-७० सेंमीच ठेवा. ४ मीटर लांबीचे मध्यावर दोन भाग करा : चार तुकडे झाले. फेरपालटाला तेवढे लागतातच.

खताचा हिशोबही आताच करा. एका वाफ्याचं क्षेत्र ४.८ चौरस मीटर. त्यावर ३ सेंमी जाड कंपोस्टचा थर म्हणजे सुमारे १४५ लिटर, दोन वाफ्यांना २९० लिटर. ढीग मुरायला ३ ते ६ महिने लागतात, म्हणून तो आजपासून लावा. दोन-तीन भाग वाळला पाला, एक भाग ओला हिरवा कचरा, आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा. ढीग साधारण १ घनमीटरचा झाला तर आतून ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि तणाचं बी, रोगाचे जंतू बरेचसे मरतात. छोटा ढीग कुजतो, पण तापत नाही. त्यात रोगट झाडं टाकू नका.

शेणखत घालणार असाल तर पूर्ण कुजलेलंच. ताजं शेण घातलं तर मातीला टेकणारी भाजी (गाजर, मुळा, पालेभाज्या) काढण्याआधी किमान ४ महिने जाऊ द्यायला हवेत. आणि ताज्या खतात गाजराला फाटे फुटतात ते वेगळंच.

परसदार
+१. @नवशिकी, पहिल्या वर्षी पाच-सहा पिकंच धरा. घरात आठवड्याला कोणती भाजी खरंच लागते ते महिनाभर लिहून काढा आणि त्या यादीतून निवडा. जी तोडून तासाभरात खाल्ली की चव वेगळी लागते (पालेभाज्या, भेंडी, काकडी, टोमॅटो, वाटाणा) ती आधी. बटाटा-कांदा खूप जागा आणि खूप महिने घेतात. जागा उरली तरच.

दवबिंदू
मी थंड प्रदेशात आहे, हिवाळ्यात दव गोठतं. इथे कागद डावीकडून भरत नाहीत, दोन टोकांकडून भरतात. एक टोक म्हणजे वसंतातलं शेवटचं गोठणारं दव, दुसरं शरदातलं पहिलं. या दोन तारखा तुमच्या जागेच्या सरासरीवरून कागदावर जाड रेघेने मारा. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, घेवडा या दोन रेघांच्या मध्येच बसले पाहिजेत. वाटाणा, पालक, कोबी, मुळा, लसूण रेघेबाहेर गेले तरी सोसतात.

शरदातल्या पिकांची उलटी मोजणी करते. समजा कोबीला रोप लावल्यापासून ८० दिवस आणि रोपवाटिकेत ५ आठवडे. तो ज्या तारखेला काढायचा तिथून मागे येते. त्यात वर दोन आठवडे घालते, कारण दिवस लहान होत जातात आणि पाकिटावरचे दिवस मोठ्या दिवसांचे असतात. उजेड दिवसाला १० तासांच्या खाली गेला की वाढ जवळजवळ थांबते. त्याआधी पीक पूर्ण वाढलेलं असेल तर थंडीत ते वाफ्यातच ताजं उभं राहतं, हवं तेव्हा काढता येतं. अर्धवट असेल तर वसंतापर्यंत अर्धवटच.

वसंतात हवेपेक्षा मातीचं तापमान महत्त्वाचं. वाटाणा ५ अंशांलाही हळूहळू उगवतो. भेंडीला किमान १६-१८ अंश लागतात, आणि २७ च्या पुढे ती चटकन येते. थंड ओल्या मातीत घातलेलं भेंडीचं किंवा घेवड्याचं बी कुजतं. साधा थर्मामीटर सकाळी मातीत ५-७ सेंमी खुपसून बघायचा, सलग तीन-चार दिवस. घरात वाढवलेली रोपं थेट बाहेर लावायची नाहीत. आठ-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून ऊन-वाऱ्याची सवय करायची. कागदावर या दिवसांचीही पट्टी हवी, ती लोक विसरतात.

रानमेवा
आमच्याकडे नेमकं उलट. दोन्ही रेघा उन्हाच्या आहेत.

टोमॅटोला दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर तापमान राहिलं की परागकण निकामी होतात आणि फुलं देठापासून गळतात. झाड हिरवंगार, उंच, फळ मात्र नाही. मग लोक खत वाढवतात आणि पानं आणखी वाढतात. हे खताने सुटणारं नाही, कागदावर सुटणारं आहे : फुलोरा कडक उन्हाच्या आधी किंवा नंतर येईल अशी पट्टी सरकवायची. पालक, कोथिंबीर, मुळा यांचं तसंच. उष्णता वाढली, दिवस लांबले की ती फुलाचा दांडा काढतात, पानं राठ होतात. पालकाचं बी तर ३० अंशांच्या वर नीट उगवतही नाही. कडक उन्हाच्या महिन्यांसाठी माझ्या पट्ट्या : भेंडी, गवार, चवळी, माठ, दुधी.

कांद्याबद्दल एक गोष्ट. कांदा गड्डा धरतो तो दिवसाची लांबी पाहून. काही वाण ११-१२ तासांच्या दिवसाला गड्डा धरतात, काहींना १४ तासांच्या वर लागतात. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्याने लांब दिवसाचा वाण लावला तर वर्षभर नुसती पात मिळेल. थंड प्रदेशात छोट्या दिवसाचा वाण वसंतात लावला तर पात वाढायच्या आधीच सुपारीएवढे गड्डे. बी घेताना वाण कुठल्या दिवसाचा ते विचाराच.

गच्चीकर
ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या वतीने हजेरी.

गच्चीवर सगळ्यात आधी वजन मोजा. ओली बागेची माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. म्हणजे ३० सेंमी उंचीचा वाफा केला तर दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास. असा सलग वाफा करायचा असेल तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नका, आणि जड कुंड्या मधोमध न ठेवता खालच्या भिंती-तुळयांच्या रेषेवर ठेवा. कंपोस्ट आणि नारळाचा भुसा यांचं मिश्रण बरंच हलकं पडतं. मात्र भुशात अन्न जवळजवळ नसतं, तो नुसता पाणी धरतो. कंपोस्ट कमी पडलं की पानं पिवळी पडतात.

खोली : पालेभाज्यांना १५ सेंमी पुरे. मिरचीला १० लिटर, टोमॅटो-वांग्याला १५ ते २० लिटर माती हवी. उंच वाढत जाणारा टोमॅटो कुंडीत लावला तर दीड-दोन मीटरची काठी रोप लावतानाच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. बुटके, झुडपासारखे वाण कुंडीला सोयीचे, पण त्यांची फळं थोड्या दिवसांत एकदम येतात. त्यामुळे दोन रोपं एका वेळी आणि आणखी दोन रोपं महिन्याभराने, असं करतो.

शेवगा
आता फेरपालटावर. माझं स्पष्ट मत : चार तुकड्यांच्या बागेत फेरपालटाचं फार मनावर घेऊ नये. पांढरी माशी, मावा, फुलकिडे उडत येतात. वांग्याची जागा दीड मीटर सरकवली तर त्यांना काय फरक पडतो? त्यापेक्षा कंपोस्ट आणि आच्छादनाकडे लक्ष द्यावं.

मातीमोल
@शेवगा, उडणाऱ्या किडींबद्दल पूर्ण सहमत. पण मातीत राहणारे शत्रू उडत नाहीत. मर रोगाची बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत) तिथेच बसतात, आणि तेच कूळ पुन्हा पुन्हा मिळालं तर वाढत जातात.

कुळं लक्षात ठेवायला फार नाहीत. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एक. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी दुसरं (मुळा इथे येतो हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं). काकडी, दुधी, भोपळा, दोडका, कारलं तिसरं. घेवडा, चवळी, वाटाणा, गवार, मेथी चौथं. मग गाजर-कोथिंबीर-शेपू, कांदा-लसूण, पालक-बीट-माठ, आणि भेंडी-अंबाडी. एका तुकड्यात तेच कूळ तीन वर्षांनी यावं असं बघायचं.

आणि नुसतं कूळ बघूनही भागत नाही. भेंडी आणि टोमॅटो वेगळ्या कुळांतले, पण सूत्रकृमींना दोन्ही सारखेच प्रिय. म्हणून पीक काढताना मी झाड कापून टाकत नाही, मुळासकट उपटून मुळं धुतो. चवळी-घेवड्याच्या मुळावर गाठी दिसल्या की नखाने खरवडायच्या. चटकन सुटून आल्या आणि फोडल्यावर आत गुलाबी-लालसर निघाल्या तर त्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या, म्हणजे आनंदाची गोष्ट. मुळच जागोजागी सुजल्यासारखं दिसतंय, गाठ वेगळी निघतच नाही, तर ते सूत्रकृमी. तसं दिसलं की त्या तुकड्यात पुढच्या हंगामात टोमॅटो, भेंडी, काकडी, गाजर काही नाही. तिथे कांदा-लसूण, किंवा सगळा तुकडा दाट झेंडूने भरून दोन-तीन महिने ठेवायचा आणि मग मातीत मिसळायचा. कडेला चार झेंडू लावून सूत्रकृमी जात नाहीत.

शेवगा
मुळं धुऊन बघण्याचा मुद्दा पटला. माझ्या कागदावर प्रत्येक पट्टीच्या शेवटी आता 'मुळं कशी होती' हा रकाना वाढवतो.

नवशिकी
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. एक शंका : नातेवाइकांकडून बियांच्या बऱ्याच पुड्या मिळाल्या आहेत. काहींवर वर्ष आहे, काहींवर नाही. वापरू का?

परसदार
वापरा, पण आधी तपासून. नीट कोरड्या, थंड जागी ठेवलेलं बी साधारण असं टिकतं : कांदा एक-दोन वर्षं, भेंडी दोन, मिरची दोन-तीन, गाजर आणि घेवडा तीन, टोमॅटो, वांगी, मुळा चार, काकडी-भोपळा चार-पाच. ओलाव्यात आणि उकाड्यात ठेवलेलं याच्या निम्मंही टिकत नाही.

तपासायला प्रत्येक पुडीतल्या २० बिया मोजून ओल्या कागदी रुमालावर अंतर ठेवून मांडा, गुंडाळी करा, पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. वर पीक आणि तारीख लिहा. मुळा-मेथीचं मूळ दोन-तीन दिवसांत बाहेर येतं. टोमॅटोला आठवडाभर द्या. मिरचीला दोन आठवडे, कधी तीनही. गुंडाळी रोज उघडा : कागद बोटाला गार आणि ओलसर लागायला हवा, पाणी गळायला नको. २० पैकी १६-१७ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा. १० उगवल्या तर दुप्पट दाट. ५-६ च आल्या तर नवीन बी आणा, कारण जे उगवलंय त्यातही जोम नसतो. पेरताना बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटच खोल, त्याहून नाही.

रानमेवा
बियांचं निघालंच आहे तर येत्या वर्षात स्वतःचं बी धरण्याचीही पट्टी काढा. पिकाची पट्टी संपते तिथे बियाण्याची संपत नाही. भेंडी, घेवडा झाडावरच वाळू द्यावा लागतो, म्हणजे ती एक-दोन झाडं महिनाभर जास्त जागा अडवणार.

सुरुवात टोमॅटो, घेवडा, चवळी, वाटाणा यांच्यापासून करा. यांची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पातळ साय येते, मग धुऊन तळाला बसलेलं बी सावलीत वाळवा. भोपळावर्गीयांत मधमाश्या पराग इकडचा तिकडे नेतात, शेजारी दुसरा वाण असेल तर पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. आणि पाकिटावर संकरित किंवा 'एफ १' असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

गच्चीकर
वेलांवरून आठवलं. दुधी, भोपळा, दोडका यांना आधी नुसती नर फुलं येतात, ती गळणारच, काळजी नको. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. उंचावर मधमाश्या कमी येतात, म्हणून मी भोपळ्याकडे सकाळी आणि दुधीकडे तिन्हीसांजेला नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवतो. वर्षाच्या कागदात फुलझाडांनाही थोडी जागा ठेवा. कोथिंबिरीचे चार ताटवे फुलावर जाऊ दिले तरी मधमाश्या आणि मावा खाणाऱ्या अळ्यांच्या माश्या येतात.

दवबिंदू
पाण्याचंही आताच ठरवा. ढोबळ गरज आठवड्याला २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. पाऊस पडला तर तेवढं वजा. उन्हाच्या महिन्यांत वाढवावं लागतं. नवशिकी, तुमच्या ९.६ चौरस मीटरला आठवड्याला २४० लिटर झाले. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा खोल द्या आणि ५ ते ८ सेंमी वाळल्या पाल्याचं आच्छादन ठेवा. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो बहुतेक वेळा पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही यामुळे : मातीत चुना (कॅल्शियम) असूनही फळापर्यंत पोचत नाही. बाहेरगावी जाण्याचे आठवडे कागदावर खुणा करा आणि त्या आठवड्यांत नवी रोपं लावू नका.

नवशिकी
कागद केला! हवामान उबदार आहे, दव गोठत नाही. बघाल का? वर्ष थंडीच्या सुरुवातीपासून मोजलं आहे.
१-अ : मेथी, मग टोमॅटो, मग भेंडी.
१-ब : गाजर आणि मुळा एकत्र, मग चवळी, मग पालक.
२-अ : पालक तुकड्या-तुकड्याने, मग काकडी ताटीवर, मग कोथिंबीर.
२-ब : मिरची वर्षभर, कडेने लसूण.

परसदार
फार नेटका झालाय. गाजर-मुळा एकत्र पेरलंत हे उत्तम. मुळा महिन्याभरात निघतो, गाजर तोवर बारीकच असतं, आणि मुळ्याने मोकळी केलेली माती त्याला मिळते. मात्र मुळे निघाल्यावर गाजराची विरळणी करा, दोन रोपांत ४-५ सेंमी.

दोन बदल सुचवते. १-अ मध्ये टोमॅटोनंतर भेंडी नको, वर मातीमोल यांनी लिहिलंय त्या कारणाने. भेंडी आणि १-ब मधली चवळी यांची अदलाबदल करा. त्यातही गाजराची मुळं स्वच्छ निघाली तरच १-ब मध्ये भेंडी, गाठी दिसल्या तर तिथे झेंडू. २-अ मधली काकडीची ताटी कोणत्या बाजूला येते ते बघा. मिरचीवर दुपारी सावली पडत असेल तर ताटी दुसऱ्या टोकाला न्या.

मिरचीची पट्टीही सरकवायला हवी. उगवायलाच दोन ते तीन आठवडे आणि लावण्याजोगं रोप व्हायला एकूण ६ ते ८ आठवडे लागतात. तुम्ही थंडीच्या पहिल्या पंधरवड्यात मिरची वाफ्यात दाखवली आहे. तसं हवं असेल तर बी त्याआधी दोन महिने ट्रेमध्ये पडायला हवं. ते आता होणार नसेल तर २-ब मध्ये तेवढे दिवस मेथीचे दोन तुकडे घ्या, लसूण कडेने ठरल्याप्रमाणे आताच लावा, आणि मिरचीचं बी या आठवड्यात टाका.